बिनदेवाची सहल

आक्कांच्या घरात "बघू" हा शब्द चालत नव्हता. प्लंबर फोनवर म्हणाला, "बघू, उद्या-परवा येतो," की आक्का त्याला तिथल्या तिथं ऐकवायच्या, "बघू म्हंजी न्हाई. यायचं न्हाई तर न्हाई म्हन की सरळ. माजा जीव कशाला टांगून ठेवतोस?" प्लंबर बिचारा त्याच दुपारी यायचा. आम्हा भाडेकरू मुलींनाही हाच नियम. रविवारी गच्ची धुणार का, असं विचारल्यावर व्हय किंवा न्हाई. एकदा मी सवयीनं "बघू" म्हणून गेले, तर म्हणाल्या, "कालेजात जाऊन ह्येच शिकलीस?"

कॉलेजचं नाव काढलं की मला लागायचं. आमच्या घराण्यात पदवीचा कागद आणणारी मी पहिली. आई मांडवगण फराट्याला दुसऱ्यांच्या शेवंतीच्या तोडणीला जायची, वडील ट्रॅक्टरवर. मी शिरूरला राहून शिकले आणि कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला लागले. हे मी कुणालाही सांगते, लपवायचं काय त्यात? पण आक्कांना माझ्या पदवीचं कौतुक एवढंच होतं, की ही पोरगी मोबाइलवर तिकीट काढू शकते.

शिरूरमधल्या त्यांच्या घरात मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्या होत्या. खोल्यांना नंबर नव्हते. पहिली भाडेकरू जिथली, त्या गावाचं नाव खोलीला. ती मुलगी निघून गेली तरी नाव राहायचं. लातूर, सातारा, मांडवगण आणि कोपऱ्यातली हिमाचल. "लातूरचा दिवा कोण चालू ठिवतंय गं?" "हिमाचलमधी उंदीर शिरलाय." नवा माणूस ऐकून चक्रावून जायचा.

हिमाचल हे नाव ज्या मुलीवरून पडलं ती कुल्लूच्या बाजूची, तीर्थन नावाच्या खोऱ्यातली. एमआयडीसीत नोकरीला आलेली. मे महिन्यात पत्रा तापला की ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ओट्यावर बसायची आणि घरच्या आठवणी काढायची. म्हणायची, "आंटी, हमारे यहाँ तो मई में भी रज़ाई लगती है."

"झूट मत बोल," आक्का म्हणायच्या. मग माझ्याकडं वळून, "मे म्हैन्यात गोधडी? येडी हाय का काय ही?"

मग ती मुलगी मोबाइल दाखवायची. घराच्या खाली नदी, समोर देवदार, त्याच्यावर बर्फ. आजूबाजूला दोन-तीन राष्ट्रीय उद्यानं. जाताना तिनं आक्कांना मिठी मारली आणि म्हणाली, "आंटी, गर्मी में आना हमारे घर." असं सगळेच म्हणतात. आपणही म्हणतो, या की एकदा. कुणी येत नाही आणि कुणी वाट बघत नाही.

आक्कांनी मात्र ते ऐकलं आणि धरून ठेवलं. तिनं बोलावलंय म्हणजे जायचं, "बघू" नाही.

आक्कांचा हट्ट काय चीज आहे हे मला त्याआधीच कळलं होतं. साठीला टेकल्यावर त्यांनी स्कूटी शिकायला घेतली. बाजार नसेल त्या दिवशी रिकाम्या बाजारतळावर. नऊवारीचा काचा मारलेला, डोक्याला हेल्मेट आणि मागं पळणारी मी. पहिल्याच दिवशी आक्का एका भाजीवाल्याच्या रिकाम्या क्रेटांवर जाऊन आपटल्या. बघ्यांपैकी एक जण हसत म्हणाला, "आक्का, आता देवाचं नाव घ्यायचं वय तुमचं."

आक्का गुडघा झटकत उठल्या. "घेते की. पर हाताला ब्रेक सापडू दे आदी."

पंधरा-वीस दिवसांत त्या स्कूटीवरून भाजी आणायला लागल्या.

त्यांचे मालक जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा दौंडला रेल्वेत, सून-नातवंडं तिकडंच. तसं बघितलं तर आक्का पुष्कळ फिरलेल्या. तिरुपती, काशी, रामेश्वर, तुळजापूर, सगळं झालेलं. एकदा मी सहज विचारलं, "आक्का, रामेश्वरचा समुद्र कसा आहे?"

"काय म्हाईत. म्या रांगेत व्हते."

"आणि काशीची गंगा?"

"बघितली की. भांडी घासताना."

आमच्याकडच्या यात्रा तशाच असतात. गाडी ठरते, तिच्यात पिठाची पोती चढतात, शेगडी, तेलाचे डबे. बाया चालल्या देवाला, पण खरं म्हणजे पन्नास माणसांच्या भाकरीला. शिवाय प्रत्येक यात्रा कुणासाठी तरी. तिरुपतीला केस दिले ते मुलाच्या नोकरीसाठी. तुळजापूरला दंडवत घातला तो नणंदेला मूल व्हावं म्हणून. काशी मालकांच्या ऑपरेशनचा नवस. त्यात गल्लीतल्यांचे नारळ. कुणी यात्रेला निघालं की शेजारपाजारचे नारळ, खण आणून देतात, "माझ्या नावानं ठिवा." ते पिशवीत वाहायचे, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवून देवापुढं ठेवायचे, प्रसाद आणून घरोघर वाटायचा.

आक्कांनी मला एका संध्याकाळी ओट्यावर बसवून घेतलं. "हिमाचलचं तिकीट काढायचं. मे म्हैन्यात."

"तिथं कुठला देव आहे, आक्का?"

"देव न्हाई. देवासाठी न्हाईच जायचं. कुनाचा नवस न्हाई, कुनाचा नारळ न्हाई. ह्यावेळी माजी म्या जानार."

एवढंच होतं त्यांचं मागणं. पण आमच्या गल्लीत ते मोठं होतं.

आधी पाच-सहा बाया तयार झाल्या. ओट्यावर रोज संध्याकाळी बैठक. मी मोबाइलवर फोटो दाखवायचे, आक्का प्रश्न विचारायच्या.

"त्या उद्यानात काय असतं? झोपाळं?"

"आक्का, ते बागेसारखं नाही. जंगल आहे. परवानगी काढून चालत जायचं. कस्तुरीमृग आहेत, मोराच्या जातीचे पक्षी आहेत, अस्वलं आहेत."

"अगं बाई, अस्वल!" एक जण ओरडली.

"गप गं," आक्का म्हणाल्या. "हितं उसात बिबट्या फिरतोय आन् तू अस्वलाला भितीस? आपला बिबट्या काय परवानगी काढून येतो का?"

मग तारखेचा घोळ. मे महिन्यात आमच्याकडं माणूस मोकळा नसतो. रोज कुठंतरी लग्न आणि लग्न नसेल तिथं दशक्रिया. दोन्हीला गेलं नाही तर वर्षभर बोलणी खायची. बाया म्हणायला लागल्या, "आधी लग्नाच्या तारखा बघू, मग आपली ठरवू." आक्कांनी उलटं केलं. आधी जायची तारीख धरली आणि मला तिकीट काढायला लावलं.

पुतण्याची बायको धावत आली. "आत्याबाई, त्या हप्त्यात माझ्या बहिणीचं लगीन हाय!"

"माज्याबिगर लागतंय का बघा. न्हाई लागलं तर फोन करा."

पण बायांचं तसं नव्हतं. एकेकीच्या घरातून विचारणा झाली, तिकडं कुठला देव? एकीच्या नवऱ्यानं सांगितलं, वैष्णोदेवी करणार असाल तर जा. दुसरीची सासू म्हणाली, हरिद्वार तरी घ्या मधी. देव नाही म्हटल्यावर एकीला नातवाचं जावळ आठवलं, एकीला पापड. आठवड्याभरात ओटा रिकामा झाला.

मी शिकलेली. मला वाटलं, यात अडचण कसली? म्हटलं, "आक्का, सांगून टाका तिथं देवी आहे म्हणून. आहेतच की देवळं पहाडात, गावोगाव आहेत. खोटं थोडंच आहे?"

आक्का तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. "देवाला जाते म्हटलं की कोन बी आडवं येत न्हाई, खरं हाय तुजं. पर मग तिथं गेल्यावर बी मला त्याच्यापुढं हुबं ऱ्हावं लागंल. आन् हुबी ऱ्हायले की मागायचं काय? पोराचं, सुनंचं, नातवाचं. झालं परत तेच." मग परत तांदूळ निवडायला लागल्या. "डोंगर बघाय जाते म्हनूनच जानार म्या. ज्याला पटंल त्यानं यावं."

पटलं फक्त सिस्टरांना. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मालक आजारी असताना रोज घरी येऊन त्यांना इंजेक्शन द्यायच्या, तेव्हापासून आक्कांची आणि त्यांची मैत्री. राहायला पलीकडच्या बौद्ध वस्तीत. एका सकाळी त्या आल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, "जय भीम आक्का. ऐकलं की देवामुळं तुमची मंडळी गळाली."

"गळाली."

"मग मला घ्या. मला नारळाची अडचणच न्हाई. आमचं बाबासाहेबांनी कवाच मोकळं केलंय."

आक्का इतक्या हसल्या की तांदळाचं सूप कलंडलं.

गल्लीला हा नवा विषय झाला. दळणाच्या रांगेत एकीनं विचारलंच, "दोघी एका ताटात जेवणार व्हय, आक्का?"

"ताटं दोन हायती. भाजी एक. तुला काय वाढून देऊ?"

त्यानंतर दोघी रोज पहाटे घोड नदीच्या पुलापर्यंत चालत जायला लागल्या. पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर नातवंडांची जुनी दप्तरं, दप्तरात सरावाला ज्वारी भरलेली. एका पहाटे कुत्री मागं लागली, तर सिस्टरांनी "बस खाली!" असा दवाखान्यातला आवाज काढला. कुत्री बसली आणि घाबरून एक दूधवालाही थांबला.

मुलाचा विरोध मात्र साधा नव्हता. दौंडहून तो मुद्दाम आला. वाईट माणूस नाही, आईवर जीव असलेला. म्हणाला, "आई, तिकडं नवीन लग्न झालेली माणसं जातात."

"मग माजं जुनं झालं म्हनून बंदी हाय व्हय?"

"तसं न्हाई गं. आप्पा गेल्यावर तू अशी फिरायला निघालीस तर लोक काय म्हणतील? तुला देवदर्शन करायचं तर मी रजा काढतो, मी नेतो. कुठं पाहिजे तिथं नेतो."

"तू नेशील, म्हाईत हाय मला. पर मला कुनी न्यायला नको. माजी म्या जाते."

तो बराच वेळ बसला. चहा तसाच गार झाला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी समजवा." मी म्हटलं, "दादा, मला समजलंय, म्हणूनच तिकीट काढलंय." त्याला ते आवडलं नाही. मला काय करायचंय त्याचं?

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी कंपनीतून लवकर घरी आले, तर आक्का ओट्यावर बसलेल्या आणि त्यांच्यापुढं नारळांचा ढीग. खण, उदबत्तीचे पुडे, एकीनं तर चांदीचा छोटा पाळणा ठेवलेला. मी विचारलं, "हे काय, आक्का?"

"इचार माज्या लेकाला."

मुलानं काय केलं होतं, गल्लीत दोन-चार घरी फोन करून सांगितलं होतं की आई हिमाचलच्या देवीला चाललीय, जागृत देवी आहे, नवसाला पावते. आईचं नाव वाचावं म्हणून. गल्ली सुटकेचा निःश्वास टाकून मोकळी झाली आणि सगळ्यांना आपापले नवस आठवले. आक्का सकाळी सिस्टरांकडं गेल्या होत्या, तेवढ्यात शेजारच्या सुनेनं सगळं घेऊन ओट्यावर मांडून ठेवलं. कोणता नारळ कुणाचा ते तिला तोंडपाठ.

मला वाटलं, आता आक्का मुलाला फोन करून झाडणार. त्यांनी फोनला हातही लावला नाही. घरातून रिकामं पोतं आणलं, नारळ भरले, स्कूटी काढली. "बस मागं. पोतं धर."

"कुठं?"

"ज्याचं त्याला."

पहिल्या दारात किराणावाल्याची बायको. "अवं आक्का, परत कशाला आणला?"

"म्या देवाला न्हाई चालले. फिराय चालले. पोरगं खोटं बोललं."

"तिथं देव नसंल का? देव कुठं न्हाई?"

"असंल. पर म्या त्याला हुडकाय न्हाई चालले."

दुसऱ्या दारात दळणाच्या रांगेतली तीच बाई. नारळ हातात घेऊन म्हणाली, "मग जातीस कशाला एवढ्या लांब?"

"बघाय."

"काय बघाय?"

"गेल्यावर कळंल की. आदीच कळलं असतं तर कशाला गेले असते?"

काही जणी हसल्या, एकीनं दार धाडकन लावलं, एक आजोबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, आमचा नारळ वाया गेला असता." आक्का प्रत्येक दारात तेच वाक्य त्याच आवाजात म्हणत होत्या. देवाला न्हाई, फिराय. मागं बसून माझे कान तापले होते. त्यांचा आवाज काही खाली येत नव्हता.

शेवटचं दार चांदीच्या पाळण्याचं. तिथली बाई आक्कांच्याच वयाची. तिच्या मुलीला किती तरी वर्षं मूल नव्हतं, आता कुठं दिवस गेले होते आणि डॉक्टरनं अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आक्कांनी पाळणा पुढं केला तशी ती उंबऱ्यातच खाली बसली. रडायला लागली. "तुझ्या हातानं पोचला असता तर बरं झालं असतं गं. तुझ्या नणंदेला झालं, तुझ्या हाताला गुण हाय."

मला वाटलं, आता मोडतंय. कुणाचंही मोडलं असतं. एवढासा पाळणा, पिशवीत कुठंही मावला असता. माझ्या तोंडावर आलं होतं, घ्या आक्का, एवढा एक घ्या.

आक्का तिच्याशेजारी उंबऱ्यात बसल्या. तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "उद्या पहाटे आपल्या गावातल्या देवळात म्या जाते. तुज्या लेकीसाठी दंडवत घालते, नारळ वाढवते, ह्यो पाळणा तिथंच वाहते. गुडघं दुखलं तरी घालते. आन् जन्मभर तू सांगशील त्या देवाला जाईन." मग तिचा हात हातात घेतला. "पर त्यो डोंगर मला ऱ्हाऊ दे. तेवढा एक मला ऱ्हाऊ दे, बाई."

त्या बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "स्वेटर हाय का तुज्याकडं?" आत गेली आणि नवऱ्याचा जाड स्वेटर घेऊन आली. "ह्यो घालायला हाय. कुनाला वाहू नगंस."

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्कांनी देवळात खरंच दंडवत घातला. मी बरोबर होते. गुडघ्याला खडे रुतले, पण बोलल्याप्रमाणं सगळं केलं. घरी येऊन पाय धुतले, बूट चढवले.

दौंडपर्यंत आम्ही एसटीनं गेलो. मी सोडायला म्हणून सुट्टी टाकली होती. स्टेशनवर मुलगा आला होता. नारळ परत गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. हातात सुनेनं दिलेला डबा. आईशी धड बोलेना, सिस्टरांच्या बॅगा मात्र मुकाट उचलल्या. दोघं माय-लेक तोंड फिरवून एकाच बाकावर बसलेले.

तेवढ्यात त्याचा एक साहेब तिथून चालला होता, तो थांबला. "अरे, आई का? नमस्कार. यात्रेला निघालात वाटतं? कुठल्या देवाला?" आणि पाया पडायला वाकला, यात्रेला जाणाऱ्याच्या पडतात तसा.

आक्कांनी तोंड उघडलं, पण मुलगा त्यांच्या आधी बोलला. त्याचे कान लाल झाले होते.

"देवाला न्हाई, सर. आई फिरायला चाललीय. मैत्रिणीबरोबर."

साहेब अर्धवट वाकलेला तसाच राहिला. मग म्हणाला, "वा!" आणि तरीही पाया पडला.

आक्कांनी मुलाकडं बघितलं नाही. बाटली त्याच्यापुढं धरली. "गार पानी भरून आन. गाडी सुटंल." तो पळत गेला. इतका पळत गेला की सिस्टर म्हणाल्या, "पडंल की पोरगं!"

गाडी गेल्यावर दोन-तीन दिवस फोन नाही. त्या खोऱ्यात रेंज येत-जात असते, हे मला माहीत होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. चौथ्या की पाचव्या दिवशी मी कंपनीत लाइनवर असताना फोन वाजला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून गेटबाहेर पळाले.

"आक्का! कशा आहात? पोचलात ना नीट? गोधडी लागते का?"

"लागती. दोन लागत्यात. पोरगी खरं बोलत व्हती." मागून पाण्याचा मोठा आवाज येत होता.

"त्या उद्यानात गेलात?"

"गेलो की. सिस्टर वरपत्तूर गेल्या, म्या निम्म्यातच एका दगडावर बसले. लई बेस दगड हाय."

"मग दिवसभर करता काय?"



"काल पहाटं जाग आली," त्या म्हणाल्या. "उठून बसले. तर कुनासाठी उठले तेच ध्येनात येईना. चहा कुनाचा न्हाई, डबा कुनाचा न्हाई, पानी भरायचं न्हाई. लई इचार केला. मग परत झोपले."

आमच्या घरात पहाटे उठणाऱ्या सगळ्या बाया माझ्या डोळ्यांपुढं आल्या, आईसकट.

"आक्का, अजून..."

"ठिव आता," आक्का म्हणाल्या. "फोनवर बोलाय न्हाई आले म्या हितं."